दार लाव

ता. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

१. शिलाई यंत्र दुरुस्तीच्या परीक्षेत तुम्ही पास झालात. शंभरपैकी एकसष्ट, लागतात साठ.
२. फोनने प्रश्न वाचून दाखवले. तुम्ही यंत्रासमोर बसून उत्तरे बोललात, फोनने ती लिहून काढली आणि आवाजही साठवला. संस्थेने फक्त तो मजकूर तपासला; गुण पडताळणे हे तिथे माझे काम.
३. तिसऱ्या उत्तराच्या शेवटी 'दार लाव' असे शब्द आहेत. मला वाटते ते मामीला होते. परीक्षक बाईंनी ते 'बॉबिनवरची सरकती पट्टी बंद करा' असे समजून दोन गुण दिले.
४. ते वजा केले तर एकोणसाठ.

तीन वेळा तुम्ही कोरा कागद देऊन परत आलात, कारण अक्षरे तुमच्यासमोर स्थिर राहत नाहीत. हे प्रमाणपत्र मिळाले तर संस्थेत शिकवण्याची जागा तुमची आहे. म्हणून संस्थेला कळवण्याआधी तुम्हाला कळवते आहे. कळवावे लागेल, असे माझे मत आहे.

मामीला नमस्कार. लोभ आहे, तो असाच असू द्यावा.

आपली,
भाची

ता. ९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी बोलतोय आणि फोन लिहितोय पूर्णविराम अगं बघ पूर्णविरामसुद्धा लिहिला यानं. असू दे, खोडू नकोस.

तुझं पत्र फोनने वाचून दाखवलं. एकसष्ट म्हणताच तुझी मामी टाळ्या वाजवायला लागली, आणि चौथा मुद्दा ऐकून तिने फोनकडे असं पाहिलं की मला फोनचीच दया आली. ती म्हणते, दार उघडं टाकलं मी आणि गुण मिळाले ह्यांना, तर निदान एक तरी गुण माझा.

तुझं बरोबर आहे. ते मी तिलाच म्हणालो होतो, वारा येत होता. पट्टी बंद केली असणारच, अठ्ठावीस वर्षं हात आपोआप करतो, पण तोंडाने सांगायचं राहिलं. मग गुण कसले? काप ते. उद्या शिकवायला उभा राहिलो आणि पहिलाच गुण उसना निघाला तर पोरांना काय तोंड दाखवू?

पण एक सांगतो. तुझ्या मामाच्या डोक्यातलं पहिल्यांदा कागदावर आलं. एकोणसाठ तर एकोणसाठ, कागद कोरा नाही. परत बसेन परीक्षेला. अहो आले आले, गिऱ्हाईक आलंय, थांबतो.

तुझाच,
मामा पूर्णविराम

ता. १५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे मी परीक्षक बाईंना सर्व लिहून कळवले. 'पट्टी बंद केली असणारच' हे तुमचे वाक्यही कळवले. 'असणारच' मला पुरेसे वाटले नाही, म्हणून मूळ ध्वनिमुद्रण ऐकले.

तिसऱ्या उत्तरात, चार मिनिटे अकरा सेकंदांवर, पट्टी बसल्याचा 'खट्' असा आवाज आहे. 'दार लाव' त्यानंतर दोन सेकंदांनी येते. दाराची करकर त्याच्याही नंतर. फोन शब्द लिहितो, आवाज लिहीत नाही. चूक तेवढीच होती.

बाईंनी ते स्वतः ऐकले. उत्तर यंत्रासमोर द्यायचे होते, तेव्हा केलेली कृती धरली जाते, असे त्या म्हणाल्या. एकसष्ट कायम. हे ध्वनिमुद्रण त्यांनी चालू वर्गात धडा म्हणून ऐकवले. मुले त्या पट्टीला 'दार' म्हणू लागली आहेत. मामीला सांगा, तिचा गुण तो.

मी ते सात वेळा ऐकले. खात्रीसाठी दोनदा पुरेसे होते.

नवा वर्ग एक तारखेला सुरू होतो. शिकवायला येणार की नाही, हे तुमच्या उत्तराखेरीज संस्थेला कळवता येणार नाही. उत्तर बोलूनच पाठवा. मी काही खोडणार नाही. ते मला वीस तारखेपर्यंत मिळावे.

तुमची,
मोजपट्टी