सकीनाबाईंचा प्रश्न

रोहा, रविवार संध्याकाळ

कंपवाताच्या रुग्णांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी मी नव्या औषधाच्या चाचणीची बातमी टाकली. पेणच्या म्हात्रेकाकांनी लिहिलं, "हे आमच्या सरकारमुळे." झालं, दुपारपर्यंत नुसते पक्षच भांडत होते. मीही तावातावाने चार ओळी लिहिल्या. का लिहिल्या?

मधेच वरसेच्या सकीनाबाईंनी विचारलं होतं, "ह्यांना आता घास गिळता येत नाय. हे औषध चालंल का?" कुणीच उत्तर दिलं नाही. मी तर तो प्रश्न वाचलाच नव्हता. संध्याकाळी त्या गट सोडून गेल्या, तेव्हा वर जाऊन वाचला.

लगेच फोन केला. माफी मागितली. औषध अजून बाजारात आलेलं नाही, असं सांगितलं.

"एवढंच लिहायचं होतं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी दिवसभर वाट बघितली."