पाचव्या मजल्यावरचा माणूस

रविवार, ३ नोव्हेंबर

सुट्टीच्या दिवशी लाँड्रीच्या मागच्या खोलीतून आवाज का येतात ते आज कळलं. मशीन बंद, बॉयलर थंड, आणि आत मालकीणबाई दोन म्हाताऱ्यांबरोबर मुतावरून भांडत होत्या! मी विसरलेला मफलर न्यायला गेलो होतो. दारातच थबकलो.

भांडण असं — दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये कपडे धुणारे लोक कपडे मुतात भिजवायचे आणि पायांनी तुडवायचे. त्यासाठी रस्त्याच्या कडेला मडकी ठेवायचे, जाणाऱ्यायेणाऱ्याने त्यात मोकळं व्हावं. मालकीणबाईंचं म्हणणं, डाग निघतच असणार. दातांचे डॉक्टर म्हणत होते डाग जाईल हो, वासाचं काय? तिसरे ड्रायव्हरकाका — जन्मभर बस चालवली, आता घरी असतात — ते म्हणाले, मोठ्या माणसाच्या अंगाला वास येतो हे त्याला तोंडावर सांगणार कोण.

मला वाटलं चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. टेबलावर पुस्तकं उघडी, चष्मे नाकावर. मालकीणबाई म्हणाल्या, हा बघा कामाचा माणूस आला, यालाच विचारा. मी म्हटलं मी नुसता इस्त्रीवर असतो, मुताचं धुणाऱ्यांना विचारा. सगळे एवढे हसले की डॉक्टरांना ठसका लागला. मग खुर्ची दिली.

अंधार पडेपर्यंत बसलो. एरवी मी एका जागी एवढा वेळ बसत नाही.

सोमवार, ४

हॉटेलच्या चादरी. दिवसभर चादरी. वाफेने चेहरा उकडून निघाला.

रविवार, १०

परत गेलो. म्हटलं खोलीवर बसून भिंतीच बघायच्यात.

यांचा खेळ असा आहे. प्रत्येकाचा एकेक रोममधला माणूस आहे — साधा, गल्लीतला. तो कुठे राहतो, काय काम करतो, त्याचं काय दुखतं, सगळं ठरवायचं. पण पुस्तकात बसेल तेवढंच. राजा, सम्राट यांचं नाव काढायचं नाही. ज्याने काढलं त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. डॉक्टर दर रविवारी कप विसळतात.

मालकीणबाईंचा माणूस कपडे तुडवतो, पाय कायम भेगाळलेले. डॉक्टरांची एक पाववाली आहे, विधवा. तिची दाढ कधीपासून ठणकते आणि डॉक्टर ती काढत नाहीत, कारण काढली तर पुढच्या रविवारी बोलणार काय! ड्रायव्हरकाकांचा माणूस खेचरांची गाडी हाकतो. तिथे दिवसा गाड्यांना शहरात बंदी होती, म्हणून तो कायमचा रात्रपाळीला. रात्रभर चाकांचा खडखडाट, लोक खिडकीतून शिव्या देतात. काका म्हणतात, शिव्या देणारे प्रवासी मला नवीन नाहीत.

मला म्हणाले तुझा माणूस सांग. मी म्हटलं सैनिक. तिघांनी कपाळाला हात लावला. नवा आला की सैनिकच मागतो म्हणे. मग त्यांनीच एक दिला. लांबून कामाला आलेला तरुण, मिळेल ते ओझं उचलतो. राहायला कुठे? काका म्हणाले उंच उंच चाळी होत्या, पैसेवाले खाली, फाटके वर — याला टाका पाचव्यावर. डॉक्टर म्हणाले, मग याला चूल नाही हं. वर कुणी धड रांधत नसे, आगीची भीती. खाली कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम काहीतरी आणायचं, नाहीतर तसंच आडवं व्हायचं.

माझी खोलीही सगळ्यात वर, गच्चीला लागून. घरमालक शेगडी पेटवू देत नाही. पण हे यांना कुठे माहीत? मी कुणाला बोललेलो नाही. आईला तर सांगितलंय की खाली सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर आहे, आम्ही पोरं आळीपाळीने करतो.

बैठक सुरू करताना प्रत्येकाला विचारतात, तुमचा माणूस काय जेवला? माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, पाव आणि बटाट्याची भाजी. एकच हशा. बटाटा तेव्हा तिथे पोचलाच नव्हता. टोमॅटो नाही, मिरची नाही, मका नाही. मी म्हटलं मग जगत कसे होते? कप मी विसळले.

मंगळवार, १२

आईचा फोन. तेच ते. जेवलास का — हो. बरा आहेस ना — हो. भावोजींनी त्यांच्या दुकानात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, एक तारखेपर्यंतच थांबतील म्हणाले. मी म्हटलं नाही येत.

गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, रंगकाम सोडलं. प्रत्येक वेळी भावोजी म्हणाले हा पंधरा दिवसांचा गडी. वाईट बोलत नाहीत, हसत हसत बोलतात. म्हणूनच जास्त लागतं. ही लाँड्रीसुद्धा सोडली तर त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू? त्यामुळे इथे सगळं झकास आहे. आईपुरतं तरी.

फोन ठेवायचाही नव्हता आणि बोलायलाही काही नव्हतं. म्हणून माझ्या माणसाचं सांगायला लागलो. म्हटलं एक पोरगा आहे, पाचव्या मजल्यावर राहतो, एकटाच. ओझी उचलतो. वर चूल नाही. पुढे सांगणार होतो की हा खेळ आहे. पण आई म्हणाली, "अगं बाई, एवढासा पोरगा? त्याला आई आहे का रे?"

आता काय सांगणार? म्हटलं, आहे. गावाकडे.

मग ती विचारत राहिली, मी सांगत राहिलो. छत गळतं. खिडकीला तावदान नाही, लाकडी फळी आहे. फळी लावली तर अंधार, काढली तर वारा. रात्री गाड्यांच्या आवाजाने डोळा लागत नाही. आमचा फोन एवढा लांबला कधी ते आठवत नाही.

शेवटी म्हणाली तुझ्यातलं त्याला देत जा. म्हटलं देतो.

शुक्रवार, १५

आईने फोन केला. मला काही विचारायच्या आधी — तो जेवला का?

रविवार, १७

आजचा विषय संडास. डॉक्टरांना फार आवडतो. दगडाचा लांब कट्टा, त्याला ओळीने भोकं, मधे आडोसा नाही. शेजारी शेजारी बसून लोक गप्पा मारत. मालकीणबाई म्हणाल्या, माझा माणूस असल्या ठिकाणी जाणार नाही. काका म्हणाले, तुमचा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या त्यातच उभा असतो, त्याला कसला नखरा! मालकीणबाईंनी काकांच्या पाठीत पुस्तक घातलं. मग डॉक्टर सांगायला लागले की एका सम्राटाने मुतावर कर बसवला होता — आणि जीभ चावून उठले, कप गोळा करायला लागले.

माझी पाळी. तुझा माणूस काय जेवला? म्हटलं काही नाही. काम सुटेपर्यंत खालचं दुकान बंद झालं होतं.

काका म्हणाले, "परत? गेल्या वेळी बटाटा, आता तोही नाही?"

डॉक्टर म्हणाले माझी पाववाली त्याच्यासाठी उरलेला पाव ठेवील. मी एकदम बोलून गेलो, तो काही भिकारी नाही. आवाज चढला असावा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "अरे, उरलेला पाव टाकवत नाही म्हणून देते ती. उपकार कसले?"

मी म्हटलं विचारून सांगतो त्याला.

सोमवार, १८

दुपारी माझ्या इस्त्रीच्या टेबलावर कागदाची पुडी. आत पाव, तीन अंडी उकडलेली, मीठसुद्धा. मालकीणबाई हिशोबाच्या काचेआडून मान वर न करता म्हणाल्या, पाववालीने दिलंय.

ही म्हातारी मंडळी खेळ फारच मनावर घेतात. खाल्लं. मीठ बोटाने चाटून संपवलं.

बुधवार, २०

आईकडून पार्सल. लोकरीचे मोजे, तिने विणलेले. दोन जोड! माझा राखाडी. दुसरा तांबडा, त्याला चिठ्ठी टाचलेली — वरच्या पोराला दे, अंदाजाने विणलाय.

हे आता थांबवायला हवं. एकदा हसून सांगून टाकायचं, बस. पण तिने पाय किती मोठा असेल याचा विचार केला असणार. कुणाला तरी विचारलं असणार, हा रंग चालेल का.

थंडी आहे. दोन्ही जोड एकावर एक घातलेत.

शनिवार, २३

आता पुरता अडकलो.

आई आज फार खुशीत होती. म्हणाली, तू काही येत नाहीस, तुझं बरं चाललंय, देव करो तसंच चालो. मग मी तुझ्या भावोजींशी बोलले. ती जागा त्या पोराला देतायत. दुकानाच्या मागे खोली आहे, गॅस आहे. आणि पहिले काही दिवस तो माझ्याकडेच जेवील. एक तारखेला हजर हो म्हणून सांग त्याला. भावोजींनी दुसऱ्या एकाला नाही म्हणून कळवलंसुद्धा.

मी म्हटलं, अगं त्याला विचारायला नको का?

ती म्हणाली, "उपाशी पोराला काय विचारायचंय?"

तिने अंथरूण काढून ठेवलंय. धुऊन.

रविवार, २४

आज कुणाचाच माणूस काय जेवला ते विचारू दिलं नाही. आल्या आल्या सगळं ओकलो. फोन, मोजे, भावोजी, अंथरूण.

डॉक्टर आधी हसले. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले उत्तरेकडच्या एका छावणीत रोमन सैनिकाला आलेल्या पत्राचा तुकडा सापडलाय, घरच्यांनी मोजे आणि आतले कपडे धाडल्याचा. दोन हजार वर्षं झाली, बायांच्या डोक्यातून पोरांचे पाय काही जात नाहीत. मग म्हणाले, सोपं आहे, तुझ्या माणसाला मारून टाक. पाचव्या मजल्यावरून पडला म्हण, त्या चाळी अशाही कोसळायच्याच.

मालकीणबाई एवढ्या भडकल्या! म्हणाल्या, त्या बाईने अंथरूण धुऊन ठेवलंय आणि तुम्ही तिला पोरगं मेलं म्हणून कळवणार? तिने सुतक पाळलं म्हणजे? डॉक्टर न सांगता उठले आणि कप विसळायला गेले. सम्राटाचं नाव न काढता पहिल्यांदाच.

मी म्हटलं मग परदेशी गेला म्हणतो. जहाजावर. काका म्हणाले, "गेला म्हणालास तर ती त्याची वाट बघेल. आयुष्यभर. मी बायका ओळखतो, माझ्या बसच्या स्टॉपवर रोज एक जणी यायची, कुणी उतरलं का ते नुसतं बघायला." मग म्हणाले, खरं सांग. खोटं तू त्याच्यापुरतंच सांगितलंयस ना? मग तेवढंच सोडवायचं.

तेवढंच? मी हो म्हणून मान हलवली.

मालकीणबाईंनी मात्र माझ्याकडे बघत म्हटलं, उद्या लवकर सुटलास तरी चालेल. फोन इथून कर, या खोलीतून. खाली रस्त्यावर उभं राहून करू नकोस.

ठरवलं. उद्या सांगायचं. वाक्यं जुळवून ठेवलीयत. आई, रागावू नकोस. आई, एक गंमत झाली.

सोमवार, २५

केला फोन. मागच्या खोलीतून, दार लावून.

सांगितलं. की तो नाहीच. की तो रोमचा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हासुद्धा नव्हता, आम्ही चौघांनी बसून बनवला. गळकं छत बनवलेलं. फळीची खिडकी बनवलेली. म्हटलं भावोजींना सांग मी माफी मागितली. वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही आठवलं नाही.

फोन कट झाला वाटून मी हॅलो हॅलो केलं. मला वाटत होतं चिडेल. नाहीतर हसेल.

आई म्हणाली, "मग उपाशी कोण झोपत होतं?"

मी म्हटलं — मी.