झाकलेली नंबर प्लेट

बाबा,

स्कूटरची किल्ली मी घेऊन चाललेय, घर उलथंपालथं करू नका. चिमीला शाळेतून मीच आणीन. जेवण ओट्यावर आहे.

सिग्नलवरचे कॅमेरे म्हणजे लोकांना छळायचे धंदे, हे तुम्ही रोज जेवताना ऐकवता. काही कॅमेरे खरंच चुकीच्या जागी बसवलेत, ते मीही आमच्या वाहतूक दंडाच्या ऑफिसात बोलते. पण मशीनला ज्या गाडीचा नंबर वाचता येत नाही, तिचा फोटो कुणाच्या टेबलावर येतो, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझ्याच.

काल एक आला. लाल सिग्नल तोडून निघालेली स्कूटर. चालवणारे आजोबा ऐटीत. मागे बसलेली नात पार मागे वाकून स्वेटरने नंबर प्लेट झाकतेय. एक हात सीटवर, दुसरा खाली. आजोबांना तिने धरलेलंच नाही.

चिमीला विचारलं. म्हणाली, "आजोबा 'कॅमेरा' म्हणाले की मी झाकायचं. आमचा खेळ आहे." आईला सांगायचं नाही, हेही पढवलंत तिला! सात वर्षांची आहे हो ती!

नोटीस येईल. नंबर मीच टाकलाय. मग खुशाल माझ्या नावाने बोंबा मारा.

साहेबांनी विचारलं, नंबर तर दिसतच नाही, मग गाडी कुणाची हे कशावरून?

मी म्हटलं, मागे लोंबकळतेय ती माझी मुलगी आहे.