कोच हकबी यांची राहिलेली फेरी

१२ जानेवारी, सोमवार
मानवजातीच्या छळाचा इतिहास कोणी लिहिलाच, तर कॉलेजच्या खुर्चीला त्यात स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. लिहायची फळी खुर्चीलाच जोडलेली. फळी आणि पाठ यांच्यात वीतभर जागा, त्यात एकोणपन्नास वर्षांचा माणूस बसवायचा. बसलो. तास संपल्यावर उठलो, तर खुर्चीही उठली. विषय कायनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र. आणि हलायची सोय नाही! प्राचार्यांना कडक पत्र लिहायचं.

शिवाय पार्किंग पार कालव्यापलीकडे. सात मिनिटं उशीर. आमच्या प्राध्यापिका कोच रेनाटा किरोज (वय चौतीस, दंड दगडासारखे). त्यांचा नियम असा: उशिरा येणाऱ्याच्या नावावर ट्रॅकची एक फेरी. सेमिस्टर संपायच्या आत कधीही मारा, कोणी बघायला येणार नाही. मारली की जिमच्या दारावरच्या यादीतून आपलं नाव आपणच खोडायचं.
मी म्हटलं, दोष पार्किंगचा आहे.
म्हणाल्या, "मग त्यालाही बरोबर घ्या, मिस्टर हकबी."
फेरी मारणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१४ जानेवारी
नोरीनने अटी सांगितल्या. "हे एक सेमिस्टर. पास झालास तर पुढे शीक, पीटीचा मास्तर हो, मी टाळ्या वाजवीन. नाहीतर मुकाट्याने माझ्या भावाच्या दुकानात गाद्या विकायला परत."
सव्वीस वर्षं मी फ्रेस्नोच्या जनतेला झोपवलं. आता त्यांच्या पोरांना उठवणार. बायकोला यातली भव्यता दिसत नाही.

१ फेब्रुवारी
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला पळणं.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
गजर वाजला होता म्हणे. गादी आमच्याच दुकानातली. माल उत्तमच असतो आमचा.

१७ फेब्रुवारी
प्रयोगशाळा. जोडीदार पाहुआ वांग, वय एकोणीस. मशीन लावून माझी नाडी मोजली. एकशेचार.
"मिस्टर हकबी, आत्ता जिना चढून आलात का?"
म्हटलं, वीस मिनिटं इथेच बसलोय. मशीन बिघडलंय.
तिने स्वतःची मोजली. अठ्ठावन्न. म्हणजे बिघाड मधूनमधून होतो.
नंतर चरबी मोजायचा चिमटा. पोटाशी पूर्ण उघडला तरी पुरेना. लहान मुलांसाठीचा असावा.
पाहुआने विचारलं, शाळेत काय खेळायचात? म्हटलं, फुटबॉल. चार वर्षं टीमबरोबर होतो. (पाण्याच्या बाटल्यांचं खातं माझ्याकडे होतं. पण पाण्याशिवाय कोणती टीम जिंकली आहे?) मला 'कोच' म्हणत जा, असं तिला सुचवलं.
"आधी पास व्हा, मिस्टर हकबी."

२३ मार्च
परीक्षा जाहीर. १६ एप्रिलला शेजारच्या शाळेतल्या दुसरीच्या मुलांचा वीस मिनिटं तास घ्यायचा. जोडीदार स्टॉपवॉच धरणार आणि मुलं प्रत्यक्ष हलतात तेवढाच वेळ मोजणार. दहा मिनिटं भरली तर पास.
फक्त दहा? हसू आलं. पितळी शिट्टी घेतली.

१४ एप्रिल
पाहुआला तास वाचून दाखवला. प्रस्तावना तिला लांब वाटली. "सात वर्षांची पोरं आहेत हो, ज्युरी नाही."
नवी पिढी. पाया भरायचाच नाही, एकदम छप्पर!

१६ एप्रिल
सत्य नोंदवून ठेवतो, उद्या लोक काहीही सांगतील.
मुलांना गवतावर रांगेत बसवलं. खेळाचं महत्त्व, चार मिनिटं. माझी कारकीर्द, सात. शिट्टीचे प्रकार, सहा. एका मुलीने विचारलं, "आपण खेळणार कधी?" म्हटलं, प्रश्न शेवटी.
सतराव्या मिनिटाला मैदानाचे पाण्याचे फवारे सुरू झाले. बावीस पोरं किंचाळत उठली. पळाली, उड्या मारल्या, घसरली, परत पळाली. मी शिट्टी वाजवून त्यांना थांबवत होतो. पाहुआ ओरडली, "थांबवू नका! आता कुठे घड्याळ सुरू झालंय!"
एकूण तीन मिनिटं.
कोच किरोज म्हणाल्या, "मुलांना छान पळवलं. पण मार्क फवाऱ्यांना द्यावे लागतील."
स्टॉपवॉच भिजलं होतं. नक्की चुकलं असणार. अपील करायचं.
पाहुआची पोरं सोळा मिनिटं पळाली. तिने बोलायलाच वेळ घेतला नाही, त्याला मी काय करू?

१५ मे, शुक्रवार
नापास. अपील फेटाळलं.
नोरीनने दुकानाचा निळा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. सोमवारपासून.
अपिलासाठी पुरावा म्हणून ठेवून घेतलेलं स्टॉपवॉच परत करायला कॉलेजात गेलो. गाडी कालव्यापलीकडेच लावली. जिमच्या दारावरची यादी अजून होती. सगळी नावं खोडलेली, एक सोडून.
ट्रॅकवर कोणी नव्हतं.
एक फेरी. बहुतेक चालत. शेवटच्या वळणापासून पळून पाहिलं.
सात मिनिटं बावीस सेकंद.
नाव खोडलं. स्टॉपवॉच खोक्यात ठेवलं.
घड्याळ बरोबर आहे.