तपासणीच्या दिवशी मोड आलेले वाल

ती. सौ. विमलताईस रोह्याहून धाकट्या रोहिणीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि कारखान्यातले गणपती सगळे ठीक असतील असं धरून चालते. (गणपती तरी नक्कीच. त्यांच्याइतकी काळजी तू स्वतःची घेतली असतीस तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं.) आधी आनंदाची बातमी: मी पास झाले. छातीत डावीकडे कॅन्सर आणि रक्तात आपल्या आईकडून आलेला दोष, म्हणून उजवीही बाजू काढली, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून नियमाने तपासणी. दोन्ही काढल्यावर तपासायला उरलं काय, हा सासूबाईंचा सवाल. कातडीखाली नि काखेत थोडं उरतंच, आणि या दोषात अंडाशयांवरही नजर ठेवावी लागते, हे त्यांना सांगणार कोण?

ब्लाउजात भरायला इस्पितळातून मिळालेल्या कापसाच्या गाद्या इतक्या हलक्या, की ब्लाउज गळ्याकडे चढतो. मी पडले शहाणी. मलमलीत घरचे वाल भरून दोन पुरचुंड्या शिवल्या. वजन अगदी फर्मास. पण त्या धुण्याच्या बादलीत रात्रभर भिजत राहिल्या, आणि सकाळी मी पिळून तशाच ओलसर घातल्या, कारण शेजारी हळदीकुंकू होतं. (हौस माझी.) भिजलेले वाल फडक्यात बांधून उबेला ठेवले की काय होतं, हे जन्मभर बिरडं करणाऱ्या मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईला डॉक्टर नमितांसमोर ब्लाउज काढला, तर फडक्यातून पांढरे मोड डोकावत होते. बाईंनी आधी खिडकी उघडली. मग त्यांनी विचारलं म्हणून मी बिरड्याची कृती सांगायला लागले. नारळापर्यंत आले होते, तेवढ्यात काखेजवळ फिरणारा त्यांचा हात थांबला.

गाठ लागली होती. लगेच सोनोग्राफी केली आणि बाहेर बसवलं. चारचौघांत कधी जवळही न बसणाऱ्या ह्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. मी फार घाबरले गं ताई. आपल्या आईचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे आले. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आल्या.

"रोहिणीताई, काळजीचं काही नाही. टाक्यांजवळची चरबी घट्ट झालीय. पुढच्या तपासणीला मात्र चुकू नका."

मी त्यांना भर व्हरांड्यात मिठी मारली. परतताना पेण आलं तेव्हा खिडकीतून तुझ्या गावाला हात केला. घरी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि पुढची तपासणी कधी हे त्यांनीच विचारलं. याहून मोठा विजय माझ्या संसारात झालेला नाही.

तुझी जिंकलेली,
रोहिणी

ता. क. तुझ्या रक्ततपासणीचं काय झालं? एकच सुई असते. 'गणपती झाले की' म्हणालीस, मग 'माघी झाली की'. पेणमध्ये गणपतीचं काम कधी संपलंय?

आणखी एक ता. क. सांगणार नव्हते, पण त्या दिवशी तुझी सुरभी कॉलेजला गेलीच नव्हती. आमच्याबरोबर आली होती, स्वतःचं रक्त द्यायला. डॉक्टर म्हणाल्या, आधी आईचं बघू; आईत हा दोष नसेल तर हिला तपासायचं कारणच उरत नाही. पोर माझ्याशेजारी येऊन बसली नि म्हणाली, "मावशी, मी घाबरायचं का नाय, ते आईच्या हातात हाय." सोमवारी रोह्याहून येणाऱ्या पहिल्या गाडीला पेण स्टेशनवर उभी राहा; मी गाडीत असेन, रक्त द्यायला मुंबईला बरोबरच जाऊ. तू येतेयस, असं मी तिला सांगून बसलेय.