तेविसावा चेंडू

लेस्टर,
१४ सप्टेंबर १९९७

चि. मोहनास,

अनेक उत्तम आशीर्वाद. ‘उत्तम’ सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

तुझ्या बायकोने, नंदाने, पाठवलेली कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल क्लबची दहा वर्षांची पुस्तिका मिळाली. ‘दहा वर्षांतला सर्वोत्तम वाइड रिसीव्हर’ हे पान तू लिहिलंस. तुझा हरीश, एक्केचाळीस झेल. माझा यशोधन, बावीस झेल, ‘आणि फायनलमधला शेवटचा चेंडू रेषेबाहेर’. वा रे मामा! लेकाला क्लबच्या डिनरला कप मिळावा म्हणून भाच्याच्या जखमेवर मीठ चोळलंस, तेही छापून.

तुलनाच करायची तर नीट कर. १९८८ साली खेळाडू सव्वीस आणि हेल्मेटं अठरा. यशोधन माझे भांडी घासायचे पिवळे रबरी ग्लोव्ह्ज घालून खेळला. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याची आठवण सामन्यात जेमतेम तीनदा यायची. हरीशला चिकट ग्लोव्ह्ज, अमेरिकन कोच आणि उठता बसता चेंडू. त्या वर्षीचं पुण्याहून आलेलं कॅलेंडर माझ्या कपाटात आहे. दर रविवारच्या चौकटीत किती फेकले, किती झेलले ते लिहिलंय. तेवीस फेकले, बावीस झेलले. हरीशकडे किती फेकले ते पुस्तिकेत का नाही रे?

आणि तेविसावाही त्याने झेलला होता. पंच चिखलात घसरला, म्हणून त्याने साइडलाइनवर अंतर मोजायच्या साखळीची काठी धरून उभ्या असलेल्या तुला विचारलं. सख्ख्या मामाने हात बाहेर दाखवला! तुमच्या या खेळात एक पाय आत पडला तरी पुरतो. तो आत होता, मी तुझ्या शेजारीच उभी होते. पोराने त्या दिवशी बूट काढले ते पुन्हा घातले नाहीत.

नऊ वर्षं तुला भाऊबीजेला बोलावलं नाही. यंदा बोलावते, पण ओवाळणी मी सांगेन ती. डिनरला, हरीश कप घ्यायला उठायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगायचं की पाय आत होता. नाहीतर तुला बहीण नाही असं समज.

लोभ होता. तो कुठे गेला ते तूच शोध.

सुलक्षणा

---

हाउन्सलो,
२३ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

एअरपोर्टवर शिफ्टा फार आहेत म्हणून उत्तराला उशीर झाला. नंदाचा गुडघा बरा आहे. हरीशकडे सत्त्याऐंशी फेकले, हे कबूल. पण ताई, आता ती पोरं धावतात कशी, अंगावर येतात कशी! यशोधनच्या वेळी समोरची टीमही नवशिकीच होती. काळ वेगळा, खेळ वेगळा. जुनं उकरून कुणाचं भलं होणार? हरीशचा दिवस आहे, तो नासवू नकोस एवढंच मागणं.

डॉक्टर भावोजींना नमस्कार. लोभ असू दे, थोडका चालेल.

तुझा,
मोहन

---

लेस्टर,
२९ सप्टेंबर १९९७

चि. मोहनास,

आशीर्वाद, नुसतेच.

गुडघा, शिफ्टा, काळ वेगळा. कुठून शिकलास ही गोल गोल उत्तरं? कॅलेंडरचं पान फोटोकॉपी करून कमिटीच्या सातही जणांना पाठवलंय, खाली इंग्रजीत अर्थ लिहून. हरीशचा दिवस नासेल म्हणतोस? माझ्या यशोधनची नऊ वर्षं नासली, तेव्हा तुझी झोप मोडली होती का रे? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आता तुझंही जळू दे थोडं.

एकच विचारते. पाय पाहिलास की नाही?

सुलक्षणा

---

हाउन्सलो,
५ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,

शि. सा. न.

नाही पाहिला.

तू थर्मास उघडलास आणि म्हणालीस, मोहन, कप धर, सांडेल. मी कप धरला. आरडाओरडा झाला तेव्हा मान वर केली, तर यशोधन चेंडू पोटाशी धरून रेषेपलीकडे पडलेला. तेवढ्यात पंचाने विचारलं. आत म्हणालो असतो तर सगळं ग्राउंड म्हणालं असतं, मामाने भाच्याला जिंकून दिलं. त्या गोऱ्या गर्दीत आपले चेहरे दोनच. घाबरलो आणि बाहेर म्हणालो. प्रामाणिक दिसायला गेलो ताई, आणि खोटं बोललो.

चहाचं नाव इतकी वर्षं काढलं नाही, तुला डाचलं असतं म्हणून. आता काढलं, कारण तू विचारलंस. पाय आत होता असं मला म्हणता यायचं नाही, पण पाहिलाच नव्हता हे डिनरला उभा राहून सांगेन. हरीशला काल सांगितलं. तो माझ्याशी बोलत नाही.

मागितलेली ओवाळणी एवढीच जमते. गोड मानून घे.

मोहन

---

लेस्टर,
१२ ऑक्टोबर १९९७

चि. मोहनास,

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. आता खापर माझ्या थर्मासवर? तुला चांगलं सोलून काढणारं उत्तर लिहायला बसले, आणि पेन हातातच राहिलं. तू कप धरला होतास, तर चहा ओतत कोण होतं? मी. कपाकडे बघत. मोहन, मीही तो पाय पाहिला नव्हता. इतकी वर्षं देवाशपथ सांगत आले, आणि मला ते खरंच वाटत होतं.

मग कॉव्हेंट्रीला यशोधनला फोन केला. म्हटलं, तू सांग, पाय आत होता ना? तो हसला. म्हणाला, आई, मी चेंडूकडे बघत होतो, पायाकडे कोण बघतं! मग विचारलं, बूट का टाकलेस? म्हणाला, त्या दिवशी गाडीत लेस्टर येईपर्यंत तू मामाला शिव्या घालत होतीस. मॅच हरल्यावर मला लागलंय का हे कुणी विचारलंच नाही. परत खेळलो असतो तर परत तुम्ही दोघं साइडलाइनवर आला असता.

त्याचं मनगट मोडलं होतं, मोहन. ते मला मॅचच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी कळलं.

डिनरला काही बोलू नकोस. कमिटीला मी लिहिते. कप हरीशला मिळू दे, आणि टाळ्या मीच पहिल्यांदा वाजवीन. तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस, खोटं ते खोटंच. पण सूड घ्यायला बसले, तर आधी माझाच नंबर लागतो.

ओवाळणी बदलली. भाऊबीजेला ये, हरीशला घेऊन. यशोधन येतोय. चहा तोच करणार आहे. आपण दोघांनी हात रिकामे ठेवून बसायचं, आणि त्याच्याकडे बघायचं.

उरलासुरला लोभ घेऊन ये, इथला मी शोधून ठेवते.

तुझी,
ताई