दोरी ओढणे म्हणजे चिरणे नव्हे

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिचं उजवं मनगट सुजलं. हाड शाबूत आहे, आतले स्नायुबंध दुखावलेत. डॉक्टरांनी बजावलं: चिरणं बंद, मळणं बंद, पिळणं बंद, जड उचलणं बंद. मनगटाला पट्टा. नाहीतर इंजेक्शन, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन.

ही शिलाई कारखान्यात कटिंगला आहे. दिवसभर हातात मोठी कात्री. तिथल्या मास्तरांनी महिनाअखेरपर्यंत टेबल राखून ठेवलंय. तोवर हात सुधारला तर टेबल हिचं. नाही सुधारला तर शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडायच्या बाकावर हिनं बसायचं. त्या बाकावर नव्या मुली बसतात.

मनगट कशानं गेलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, कात्रीनं. ही म्हणाली, परवा रविवारी ह्यांची युनियनची कमिटी जेवायला होती, पाच किलो कांदा चिरला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. पाच किलो ही अतिशयोक्ती आहे. चार असेल.

संध्याकाळपासून छातीत जळजळ. पित्त.

५ फेब्रुवारी

संकल्प सोडला. महिनाभर संपूर्ण स्वयंपाक मी करणार. जेवणाच्या टेबलाशी उभं राहून रीतसर जाहीर केलं. म्हणालो, आजवर प्रत्येक सभेत मी सांगत आलो की श्रमाला जात नसते, तसं श्रमाला लिंगही नसतं. ज्या घरात एक राबतो आणि बाकीचे जेवतात ते घर नव्हे, तो कारखाना. आणि तोही मालकधार्जिणा.

लेक कॉलेजात आहे. पोरगी हुशार आहे, पण तपशिलात अडकते. तिनं विचारलं, बाबा, चाकू कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो ते माहितीये का?

माहीत नव्हतं. पण हा प्रश्न तत्त्वाचा नाही.

६ फेब्रुवारी

चाकू सापडला. कांदा हातातून निसटून फ्रिजखाली गेला. दुसऱ्या कांद्याबरोबर बोट कापलं. ही उठायला लागली. मी ओरडलो, तू बसून राहा. मग रक्त बघून मलाच बसावं लागलं. पट्टी हिनंच बांधली, डाव्या हातानं आणि दातांनी.

ब्रेड खाल्ला.

निष्कर्ष: चाकू हे सरंजामी युगाचं अवजार आहे. उद्या यंत्र आणतो.

७ फेब्रुवारी

आणलं. दोरीचा चॉपर. पारदर्शक भांडं, आत तीन वाकडी पाती, वर झाकण, झाकणाला दोरी आणि दोरीला मूठ. मूठ ओढली की पाती गरगर फिरतात, सोडली की दोरी आपोआप आत जाते. वीज नको, आवाज नको. दुकानदारानं काकडीवर करून दाखवलं. मला राहवलं नाही. यंत्र आणि माणूस यांच्या नात्यावर दोन शब्द बोललो. गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. नंतर कळलं, ती पैसे द्यायच्या रांगेत होती आणि मी वाटेत उभा होतो.

ही म्हणाली, घरात मिक्सर आहे की. मी समजावलं की मिक्सरमध्ये भाजीचा लगदा होतो. चॉपर भाजीचा आकार जपतो, तिचं व्यक्तिमत्त्व जपतो. ही म्हणाली, बरं.

८ फेब्रुवारी

उद्‌घाटन. एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. अख्खा कांदा चॉपरमध्ये मावत नाही. आधी सोलून त्याच्या फोडी करायच्या. चाकूनं.

माझं बोट बांधलेलं. फोडी हिनं केल्या. डाव्या हातानं. इथे एक मुद्दा नोंदवून ठेवतो. फोडी करणं म्हणजे चिरणं नव्हे. चिरणं ही अखेरची क्रिया आहे, फोडी ही पूर्वतयारी आहे.

दोरी मात्र मीच ओढली, जोरात, मनापासून. थांबलो तेव्हा भांड्यात पांढरं पाणी होतं. लेकीनं वाकून बघितलं आणि विचारलं, हे सूप आहे का? मी म्हणालो, हो.

सूपच केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

ओटा निसरडा आहे. दोरी ओढली की भांडं माझ्याकडे चालत येतं. लेक म्हणाली, नाचता येईना, ओटा वाकडा. दुर्लक्ष केलं.

कोणीतरी वरून झाकण दाबून धरायला हवं. लेकीचं सबमिशन. हिनं धरलं, डाव्या तळव्यानं. दाबण्याला डॉक्टरांची मनाई नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, त्यात दाबणं नव्हतं. मॅनेजमेंटशी कलमाकलमानं भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. जे कलमात नाही त्याची सक्ती नाही आणि जे कलमात नाही त्याला बंदीही नाही. या एका तत्त्वावर मी कितीतरी संप जिंकलेत.

ही म्हणाली, अहो, डॉक्टर काय तुमचे मॅनेजर आहेत? मी म्हणालो, तत्त्व तेच.

११ फेब्रुवारी

गाजर. पाती अडकली. दोरी अर्धी बाहेर, आत जाईना. हिसडा दिला तर भांडं उडालं. एक तुकडा घड्याळावर गेला, अजून तिथेच आहे. माझ्या तळव्याला फोड.

ही बाजूलाच होती. तिनं भांडं जवळ ओढलं, अडकलेला तुकडा बोटानं सरकवला आणि दोरीला डाव्या हातानं छोटे छोटे झटके दिले. टक, टक, टक. झाकण उघडलं तर सगळे तुकडे एका मापाचे. म्हणाली, ही दोरी ओढायची नसते हो, हिसकायची असते, शिलाईचा धागा तोडतात तशी. तुम्ही ती दोरी अशी ओढता जशी काही पलीकडच्या टोकाला मालक बांधलाय.

काही माणसांच्या हातातच कला असते. ती दडपणं हाही अन्यायच. आणि दोरी ओढणं म्हणजे चिरणं नव्हे. चिरतं ते पातं.

शिवाय हात डावा. डाव्या हाताबद्दल डॉक्टर एक अक्षरही बोललेले नाहीत.

१३ फेब्रुवारी

नवी श्रमविभागणी. नियोजन, गॅस आणि चव बघणं माझ्याकडे. फोडी आणि दोरी तात्पुरत्या हिच्याकडे. भांडं धुणंही हिच्याकडेच, कारण पाती धारदार आहेत आणि माझ्या बोटाची जखम अजून ओली आहे.

व्यवस्था उत्तम चालली आहे. आज भाजी खरंच भाजीसारखी झाली. ही म्हणाली, उंटावरून का होईना, शेळ्या बऱ्या हाकता.

पित्त आहेच. गोळी घेतली. बहुधा कच्च्या कांद्यानं होतंय. आज कांदा खाल्ला नव्हता, पण वासानंही होतं म्हणतात.

१६ फेब्रुवारी

युनियनचे खजिनदार आले होते. मी ॲप्रन घालून गॅसपाशी उभा. त्यांच्या डोळ्यांत मला आदर दिसला. म्हणाले, साहेब, आपण बोलता तसं वागता. पुढच्या रविवारी हॉल आपलाच आहे, घरातल्या कामगारावर बोला.

त्यांची पाठ होती त्या बाजूला ही स्टुलावर बसून दोरी हिसकत होती. टक, टक. खजिनदारांनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणालो, यंत्राचा.

खोटं काय त्यात?

१९ फेब्रुवारी

ही संध्याकाळी डावं मनगट चोळत बसली होती. विचारलं, दुखतंय का? म्हणाली, थोडं ठणकतंय. मी पुन्हा, जरा जोर देऊन विचारलं की काम करण्याइतपत आहे ना. म्हणाली, हो हो, आहे, तुम्ही भाषण लिहा.

कामगाराची काही तक्रार नाही, असं मॅनेजमेंट म्हणतं तेव्हा मी टेबलावर मूठ आपटतो आणि विचारतो, त्याला विचारलं कोणी, आणि कशा आवाजात विचारलं? आज विश्वास ठेवला. माणसानं विश्वास ठेवायलाही शिकलं पाहिजे.

दोन गोळ्या घेतल्या.

२१ फेब्रुवारी

भाषण तयार. शेवट जमला: ‘ज्या हातांनी आपल्याला घास दिला, त्या हातांना विसावा देणं हीच क्रांतीची पहिली पायरी.’ आरशासमोर म्हणून बघितलं. पुन्हा एकदा म्हटलं. आतून ही म्हणाली, अहो, गॅस बंद करा, करपलं.

लेकीनं जेवताना विचारलं, बाबा, त्या हातांत आईचे हात धरलेत का? म्हटलं, अर्थात, तिच्याच हातांवर भाषण आहे. ती म्हणाली, मग आज भांडी कोण घासणार? हा मुद्दा विषयाला सोडून होता.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

लेक मैत्रिणीकडे गेली. मी हॉलवर निघालो. चॉपर बरोबर नेतो. प्रात्यक्षिकाशिवाय सिद्धांत म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ. व्यासपीठावर चाकू बरा दिसत नाही, म्हणून फोडी हिनं घरीच करून डब्यात दिल्या. मी सूचना दिली: आज तू काहीही करायचं नाहीस. पूर्ण विश्रांती. ही म्हणाली, बरं.

त्याच दिवशी, दुपार

विजय. हॉल भरला होता. शेवटच्या वाक्याला मी चॉपर उंच धरून दोरी हिसकली. टक, टक, टक, अगदी हिच्यासारखी. झाकण उघडून दाखवलं. एका मापाचे तुकडे. काय टाळ्या! माईकवरूनच म्हणालो, मित्रांनो, शब्दांवर विश्वास ठेवू नका, आज सगळी कमिटी माझ्याकडे जेवायला, माझ्या हातचं.

लगेच हिला फोन केला. स्पष्ट सांगितलं की तू फक्त भाज्या धुऊन ठेव, चिरायचं मी आल्यावर. मग लोक गाठून बोलत राहिले. तळमळीचे प्रश्न होते. त्यांना सोडून कसं निघणार?

घरी पोचलो तर स्वयंपाक तयार. मागाहून आलेली कमिटी पोटभर जेवली. खजिनदार बोटं चाटत म्हणाले, साहेब, हाताला काय चव आहे तुमच्या! मी म्हणालो, धन्यवाद.

पाणी आणायला आत गेलो. ओट्यावर चाकू, ओला. मनगटाचा पट्टा फ्रिजवर काढून ठेवलेला. ही पाठमोरी, दोन्ही हात नळाखाली धरून उभी. चॉपर कुठे होता? माझ्या पिशवीत. बाहेरच्या खोलीत.

मी पाण्याचा जग घेऊन बाहेर आलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी हिच्या हातात चहाचा कप राहिना. उजव्याही नाही, डाव्याही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, डाव्याला काय झालं? मी बाजू मांडायला सुरुवात केली. आपण चार गोष्टी सांगितल्या होत्या, दोरी त्यांत नव्हती. डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, अहो, मी मनगटाला विश्रांती सांगितली होती, तुम्ही माझ्याशी करार केलात. माझ्याकडे पाठ करून ते हिला म्हणाले, ताई, काय काय केलंत, करून दाखवा. हिनं आधी डावा हात उचलला आणि हवेत दोन झटके दिले. मग उजवा, चाकू चालवल्यासारखा, तीन-चार वेळा. तोंड वेडंवाकडं झालं, तेव्हा थांबली.

मी कलमं मोजायचं थांबवलं.

उजव्याला इंजेक्शन. बहुतेक ऑपरेशनही. दोन्ही हातांना पट्टे.

२८ फेब्रुवारी

मास्तर येऊन गेले. टेबलावर दुसरी बाई बसवली. त्यांचाही नाइलाज आहे. धागे तोडायच्या बाकाची गोष्ट त्यांनी काढली आणि मग स्वतःच म्हणाले, तेही आता हात बघून. जाताना चुकचुकले. म्हणाले, घरी थोडा आराम केला असता तर जमलं असतं हो, वहिनी.

ही म्हणाली, आरामच होता मास्तर. घरातलं सगळं हेच करत होते.

माझ्याकडे न बघता म्हणाली. मास्तरांनी माझ्याशी हात मिळवला, आदरानं. तळव्यावरचा फोड कधीच बरा झालाय.

पित्ताची गोळी शोधली. डबीत एक होती. घेतली नाही. ते पित्त नाही.

१ मार्च

कांदा चिरला. मी. चाकूनं. हिनं दारात उभं राहून सांगितलं, बोटं आत वळवा, चाकू टोकाशी टेकवून ठेवा, घाई कसली आहे, रेल्वे पकडायचीये का. एका तुकड्याचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. लेक बघून गेली. जाताना चाकूचा ड्रॉवर तेवढा उघडा ठेवला.

हिला चमच्यानं भरवलं. म्हणाली, मीठ नाही. घातलं. म्हणाली, आता जास्त झालं. खाल्लं पण सगळं.

खजिनदारांचा फोन आला. दुसऱ्या शाखेलाही तेच भाषण हवंय, प्रात्यक्षिकासह. मी म्हणालो, कळवतो. ‘नाही’ म्हणायला हवं होतं. उद्या म्हणेन.

घरात सकाळपासून वास येतोय. कचऱ्याचा डबा बघितला, मोरी बघितली, फ्रिजखालचा कांदाही काढला. शेवटी बाहेरच्या खोलीतली पिशवी उघडली. चॉपर तसाच होता, झाकण लावलेला. आत रविवारचा कांदा. एका मापाचे तुकडे, ज्यांना एवढ्या टाळ्या पडल्या. पिवळं पाणी सुटलं होतं.

आतून हिनं विचारलं, अहो, कसला वास येतोय हो?

मी म्हणालो, भाषणाचा.

ही म्हणाली, मग खिडकी उघडा.